माघार कोणी घ्यायची

नॉर्ब क्लासनने तुटकी बिजागरी काउंटरवर ठेवली आणि हाताची चार बोटं वर केली.

"चार स्क्रू दे."

"हिला तीनच भोकं आहेत," आर्लेन त्वाइट म्हणाला.

"तुझं मोजणं सगळ्या गावाला माहीत आहे. तू चारच दे."

रंगाचे डबे बघत उभी असलेली दोन गिऱ्हाइकं हसली. आर्लेनने मुकाट्याने चार स्क्रू कागदाच्या पुडीत टाकले. हा विनोद पन्नास वर्षांचा होता आणि दुकानातल्या कुठल्याही मालापेक्षा जास्त टिकला होता. त्याला गंज म्हणून चढत नव्हता.

नदीच्या अलीकडे स्टाविग कॉलेज, लुथेरन लोकांचं. पलीकडे सेंट कोलमन, कॅथलिकांचं. मधे पूल. दर नोव्हेंबरात एका शनिवारी दोघांचा अमेरिकन फुटबॉलचा सामना व्हायचा आणि जिंकलेल्या कॉलेजची पोरं पूल ओलांडून हरलेल्यांच्या प्रार्थनागृहाची घंटा रात्रीच्या जेवणापर्यंत बडवायची. देव दोन्हीकडे एकच असल्याने त्याची बाजू कोणी विचारली नव्हती.

आर्लेन स्टाविगचा क्वार्टरबॅक होता, म्हणजे संघाचा म्होरक्या. प्रत्येक डाव त्याच्या हातून सुरू व्हायचा. कॉलेजातला त्याचा शेवटचा सामना चिखलात झाला. स्टाविग जरासं मागे होतं, गुणांची रेषा हाताच्या अंतरावर होती आणि घड्याळ पळत होतं. ते थांबवायला आर्लेनने चेंडू मुद्दाम मैदानाबाहेर भिरकावला. युक्ती शहाणपणाची होती. या खेळात पुढे सरकायला चार प्रयत्न मिळतात. हा तिसरा असता तर लोकांनी त्याचं डोकं वाखाणलं असतं. पण तो चौथा होता. चेंडू पलीकडच्यांचा झाला, सामना संपला आणि त्या संध्याकाळी स्टाविगची घंटा इतकी वाजली की पाद्रीबाबांनी कानात कापूस घातला.

तेव्हापासून दोन्ही काठांवर आर्लेन दिसला की बोटं वर व्हायची. दुकानात, बँकेत, मासे धरायला बर्फावर बसलं तरी. सासऱ्यांच्या अंत्यविधीला पाद्रीबाबा म्हणाले, "आता चौथं कडवं गाऊ," तेव्हा मागच्या बाकावर कोणीतरी खोकलं. आर्लेनने वळून पाहिलं नाही. तो नॉर्बचा खोकला होता.

नॉर्ब त्या दिवशी समोरच्या संघात होता. पुढे त्याने गाई पाळल्या, पोरांची लग्नं केली आणि सेंट कोलमनच्या मैदानाच्या कडेला उभं राहून कितवा प्रयत्न चालू आहे त्या आकड्याची पाटी धरायचं काम फुकटात पत्करलं. "आर्लेनला वाचता यावं म्हणून," असं तो सांगायचा.

गिऱ्हाइकं गेली. नॉर्ब गेला नाही. त्याने एक ब्रश उचलला, केस चाचपले, परत ठेवला. दुसरा उचलला.

"गोठा रंगवतोयस?" आर्लेनने विचारलं.

"नाही." नॉर्बने दुसराही ठेवला. "मंगळवारी तुमची बैठक ना रे?"

"हो."

दोन्ही कॉलेजांमधला करार संपला होता. पुढच्या दहा वर्षांसाठी नव्याने सह्या व्हायच्या होत्या. स्टाविगमध्ये तो निर्णय माजी विद्यार्थ्यांच्या मंडळाकडे होता. मंडळात सात जण. तिघांचं म्हणणं, दुबळ्यांना हरवून आपलं नाव होत नाही, सामना बंद करा. तिघांचं म्हणणं, तो शनिवार गेला तर देणग्याही जातील, चालू ठेवा. सातवा आर्लेन. त्याने कधीच सांगून टाकलं होतं की त्याचा हात चालू ठेवायच्या बाजूने वर होणार. त्यावर कोणाचं दुमत नव्हतं. पन्नास वर्षं बोटं बघूनही ज्याने एक सामना चुकवला नव्हता, त्याच्या मताची मोजणी काय करायची?

"शनिवारचा सामना पाहिलास ना?" नॉर्ब म्हणाला.

"पाहिला की. उगाच ताणला. मध्यंतरानंतर पंचांनीसुद्धा, लवकर संपावा म्हणून, घड्याळ थांबवायचं सोडून दिलं होतं."

"तू वरून पाहिलास. मी कडेला पाटी धरून होतो." नॉर्बने खिशातून पुडी काढली, परत ठेवली. "आमच्याकडे आता पोरंच नाहीत रे. आहेत तीच पळतात, तीच अडवतात. तो डफींचा पोरगा डोक्यावर पडला, उठला. पुन्हा पडला, पुन्हा उठला. तिसऱ्यांदा उठला आणि चालत जाऊन तुमच्या पोरांच्या घोळक्यात उभा राहिला. वाकून ऐकायला लागला, आता डाव काय म्हणून."

आर्लेनने काउंटरखालून फडकं काढलं.

"तुमची पोरं चांगली. त्याचे खांदे धरले, हळूच वळवला, आमच्याकडे पाठवला. लोक हसले. मीही हसलो आधी."

"मग तुमच्या कॉलेजला सांग, सही करू नका."

"आमच्या? प्राचार्य फादर बर्थोल्ड सभेत म्हणाले, सेंट कोलमनला कुलूप लागेल पण सेंट कोलमन माघार घेणार नाही. टाळ्यांनी छत खाली यायचं राहिलं." नॉर्बने नाक ओढलं. "सगळ्यात मोठ्याने मीच वाजवल्या. सवय रे, दुसरं काय."

"म्हणजे माघार आम्ही घ्यायची."

"तुम्ही नाही," नॉर्ब म्हणाला. "तू."

दुकानाच्या मागच्या खोलीत हीटरचा पंखा घरघरत होता. आर्लेनने काउंटर फडक्याने पुसला. तो आधीच पुसलेला होता.

"लोक काय म्हणतील, कळतंय का तुला?"

नॉर्बने टोपी डोक्यावर घातली, पुढचं टोक डोळ्यांवर ओढलं आणि दार उघडलं.

"स्क्रूचे पैसे लिहून ठेव," एवढंच म्हणाला. बिजागरी तशीच काउंटरवर राहिली.

घरी मार्लिस स्वयंपाकघराच्या टेबलाशी बसून आर्लेनचं कॉलेजचं लोकरी जाकीट दुरुस्त करत होती. छातीवर भलंमोठं अक्षर असलेलं ते जाकीट आता पोटावर बंद होत नसे. तरी अस्तर उसवलं की ती शिवायची. मार्लिस पलीकडची. सेंट कोलमनच्या बँडमध्ये ती क्लॅरिनेट वाजवायची.

तेव्हा सामन्याच्या सकाळी दोन्ही बँड दोन काठांवरून वाजवत निघायचे आणि पुलाच्या मधोमध समोरासमोर यायचे. कोणी बाजूला व्हायचं नाही. दोघेही जागेवर उभे राहून आपापली धून वाजवत राहायचे, शक्य तितक्या मोठ्याने, ओठ निळे पडेपर्यंत. खाली पाण्यावर बर्फाचा पहिला पापुद्रा धरलेला असायचा. अलीकडे लुथेरन बायका तव्यावर बटाट्याची पातळ लेफ्सा भाजायच्या, लोणी-साखर लावून गुंडाळून द्यायच्या. पलीकडून सॉसेजचा धूर यायचा. आणि दोन्हीकडची माणसं एकमेकांना शिव्या देत एकमेकांचं खायची. त्या गोंधळात कोणाच्या तरी ट्रॉम्बोनचा धक्का लागून एका मुलीची टोपी उडाली आणि आर्लेनने ती झेलली. त्या आठवड्यात त्याने नीट झेललेली ती एकच गोष्ट, असं मार्लिस नेहमी सांगायची.

"नॉर्ब आला होता," आर्लेन म्हणाला.

"चार?"

"चार. पण हसला नाही."

मार्लिसने मान वर केली. नॉर्बला ती आर्लेनच्याही आधीपासून ओळखत होती. एका वर्गातली दोघं. आर्लेन खिडकीशी गेला. तिथून मैदान दिसायचं नाही, नुसते उंच दिवे दिसायचे.

"ते जाकीट," तो पाठमोराच म्हणाला, "मी पुढच्या वर्षी कुठे घालणार?"

सुई थांबली. मग पुन्हा चालू लागली. मार्लिसने टाका घट्ट ओढला आणि दोरा दातांनी तोडला.

"घरात घाल," ती म्हणाली. "मी बघेन की."

मंगळवारी बैठक झाली. अध्यक्षा कॅरल ओस्टबी गावच्या दंतवैद्य होत्या. कोणाला किती वेळ तोंड उघडं ठेवू द्यायचं, हे त्यांना बरोबर कळायचं. चर्चा लवकर आटोपली. सामना चालू ठेवायच्या बाजूने हात वर करा, असं त्या म्हणाल्या. तीन हात वर झाले. सगळे आर्लेनकडे बघू लागले. त्याचे दोन्ही हात कॉफीच्या कपाभोवती होते.

"आर्लेन, झोपलास का रे?"

"नाही."

"अरे, चालू ठेवायच्या बाजूने विचारतेय मी."

"ऐकलं."

बाईंनी चष्मा काढला, पुसला, घातला. "बरं. विरोधात?"

तीन हात वर झाले. मग आर्लेनने कप खाली ठेवला, बशीत मधोमध येईल असा सरकवला, आणि हात वर केला.

कोणीतरी खुर्ची मागे ढकलली. "अरे, तू? तुला काय झालं?"

"कारण लिहावं लागेल," बाई म्हणाल्या.

आर्लेनने थोडा विचार केला. "थंडी फार असते."

"थंडी?"

"नोव्हेंबरात. बाकावर बसवत नाही आता."

बाईंनी तेच लिहिलं. अंधार पडायच्या आत दोन्ही काठांवर बातमी पोचली. दुसऱ्या दिवशीच्या पेपरात पहिल्या पानावर मथळा होता: त्वाइटने पुन्हा चेंडू बाहेर फेकला. खाली जुना फोटो, चिखलातला. त्यात आर्लेन खरंच देखणा दिसत होता, पण तिकडे कोणाचं लक्ष गेलं नाही.

गुरुवारी सकाळी आर्लेन पुलाच्या तोंडाशी असलेल्या कॅफेत गेला. तिथे दोन्हीकडचे लोक बसायचे. तो आत शिरला तशी बोटं वर झाली, पण जरा उगाच, वेळ काढल्यासारखी. सगळ्यांची नजर दाराकडे होती. खरा माणूस अजून यायचा होता. आर्लेन त्वाइटने स्टाविगची शेपूट पायात घातली आणि त्यावर नॉर्ब क्लासन काय बोलतो, हे ऐकायला लोक कामं टाकून बसले होते. दोघं-तिघं तर दुसऱ्या गावाहून आले होते.

नॉर्ब आला. बूट पुसले, टोपी काढली. वाढणारी बाई, डोरीन, किटली तिरपी धरून तशीच उभी राहिली. नॉर्ब आर्लेनच्या टेबलाशी येऊन थांबला आणि त्याने तोंड उघडलं.

काहीच आलं नाही.

त्याने तोंड मिटलं. टोपी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली. हनुवटी हलली. कॅफेत इतकी शांतता झाली की शेगडीवरचं बेकन ऐकू येऊ लागलं.

आर्लेनने मान वर केली नाही. तो सफरचंदाच्या पायचा तुकडा काट्याने तोडत होता.

"बोल की," तो हळूच म्हणाला.

नॉर्ब तसाच.

"अरे गाढवा, बोल काहीतरी. लोक बघतायत. तू असा गप्प राहिलास तर त्यांना संशय येईल."

नॉर्बने घसा खाकरला. मग खोलीकडे तोंड करून ओरडला, "घाबरले!" आवाज मधेच चिरकला. "स्टाविगवाले आमच्या पोरांना घाबरले!"

टेबलं बडवली गेली. कोणीतरी शिट्टी मारली. कोपऱ्यातला एक म्हातारा हसता हसता गुदमरला, त्याच्या पाठीवर थोपटावं लागलं. नॉर्बने मोठा रुमाल काढून डोळे पुसले आणि ते पाहून लोक आणखीच हसले; इतकं हसू त्यालासुद्धा कधी आलं नव्हतं म्हणाले.

आर्लेनने टेबलाखालून पायाने समोरची खुर्ची बाहेर ढकलली. नॉर्ब बसला.

"आवाज बसलाय तुझा," आर्लेन म्हणाला आणि पायची बशी त्याच्याकडे सरकवली. "उद्या पुन्हा ये. जरा जोरात म्हण."