फवारणीनंतरचा राग

पेठहून निघालेली जीप फाट्यावर थांबली, तरी आशाबाई आहेरांना उतरावंसं वाटेना. दोन हजार तीनचा मे महिना. पाड्यापर्यंत अजून अर्धा तास चढ होता.

आशाबाई नाशिकच्या एका कॉलेजात मेंदूच्या रसायनांवर संशोधन करत. त्यांचा विषय होता द्राक्षबागेत औषध फवारणारे मजूर. मेंदूतली एक पेशी दुसरीला रसायनातून निरोप धाडते, आणि काम झालं की एक विकर, म्हणजे एन्झाइम, तो निरोप पुसून टाकतं. फवारणीचं औषध त्या विकरालाच जायबंदी करतं. निरोप साचत जातात, झोप उडते, माणूस चिडखोर होतो. विकर किती शिल्लक आहे, याचा अंदाज रक्तावरून येतो.

साठ जणांनी नावं दिली होती. तीनदा रक्त द्यायचं होतं: फवारणीआधी, ऐन फवारणीत, आणि गावी परतून दोन-चार महिने झाल्यावर. तिसऱ्या खेपेला माणसंच सापडत नसत. कुणी वीटभट्टीवर गेलेला, कुणी सिन्नरला. तीन वर्षं आशाबाई अशा बंद दारांवरून परतत होत्या.

पुंजा गावित मात्र सापडला होता. जानेवारीत, ऐन फवारणीत, दिंडोरीकडच्या बागेत त्याचं विकर निम्म्यावर आलेलं. त्याच दिवशी त्याची बायको लंकाबाई हाताला फडकं गुंडाळून आली होती.

"बारा वर्सांत अंगाला हात नाय लावला यानं, बाई. काल तवा फेकून मारला."

आशाबाईंना तिची कणव आली. "औषधाने होत असेल," त्या बोलून गेल्या. "गावी गेल्यावर उतरेल."

पुंजा शेजारीच उभा राहून ऐकत होता.

पंधरवड्यापूर्वी त्याचं तिसरं रक्त घेतलं होतं. कबूल केल्याप्रमाणे आज रिपोर्ट सांगायचा होता. भाताच्या रोपांसाठी राब भाजून काळी झालेली शेतं ओलांडून आशाबाई पोचल्या. पुंजा पडवीत शेजारच्या सावळीरामबरोबर बसला होता. लंकाबाई पाणी घेऊन आली. तिचा डावा डोळा सुजून बंद झाला होता.

आशाबाईंनी काही विचारण्याआधीच पुंजा म्हणाला, "औषधानंच हो, बाई. अजून उतरलं नाय. तुम्हीच म्हणला होता ना? ह्या सावळीरामचंबी तसंच हुतंय."

सावळीरामने उभ्या जन्मात फवारणीचा पंप पाठीला लावला नव्हता.

"रिपोर्ट तुझा आहे, पुंजा. बाजूला येतोस? तुला एकट्याला सांगते."

"हितंच वाचा. हिलाबी ऐकू द्या."

आशाबाईंनी कागद उघडला. "विकर भरून आलंय. फवारणीच्या आधी होतं, तेवढंच."

"म्हंजी?" लंकाबाईने विचारलं.

"म्हणजे रक्तात औषधाचा परिणाम उरलेला नाही."

पुंजाने कागदाकडे पाहिलं. मग म्हणाला, "डोस्क्यात ऱ्हायला आसंल."

आशाबाईंना एकदम थकवा आला. पुंजाचं म्हणणं खोटं ठरवायला त्यांच्याजवळ काहीच नव्हतं. रक्त सुधारलं तरी मेंदूत परिणाम उरतो का, याच प्रश्नामागे त्यांची तीन वर्षं गेली होती.

"असेल, नसेलही," त्या म्हणाल्या. "या कागदावरून सांगता येत नाही. जानेवारीत मी बोलले ते अंदाजाने. तसं बोलायला नको होतं. लंकाबाई, माझं चुकलं."

लंकाबाईने रिकामा तांब्या उचलला. "डोस्क्यात हाय का नाय, ते तुम्ही बघत ऱ्हावा. तवर मार कोण खानार? मी भावाकडं जाते. तुमची जीप कवा हाय?"

सावळीराम हळूच उठून गेला. लंकाबाई आत लुगड्यांचं गाठोडं बांधत होती. तेवढ्यात पुंजाने बाही वर सारली. "बाई, रक्त परत घ्या. चुकलं आसंल मोजायला."

"घेऊन काय करू, पुंजा?" आशाबाई म्हणाल्या.

जीपमध्ये दोघी शेजारी बसल्या.

दिवाळीनंतर लंकाबाई भावाबरोबर पुन्हा बागेत आली, द्राक्षाच्या विरळणीला. डोळा बरा झाला होता. भाऊ फवारणीला लागला होता; त्याचं रक्त घेता घेता आशाबाईंनी न राहवून पुंजाची चौकशी केली.

"सिन्नरला कंपनीत हाय म्हनं. फवारणी सोडली."

"आणि राग? कमी झाला?"

"मला काय ठावं?" लंकाबाई म्हणाली. "मी कुठं हाय तिथं?"

आशाबाईंनी तक्त्यात पुंजाच्या नावापुढे ‘माहीत नाही’ची रेघ ओढली आणि रांगेतल्या पुढच्या माणसाला बाही वर करायला सांगितलं.