बंधाऱ्याखालचं माहेर

मन्याडच्या बंधाऱ्याने तनुजाच्या आयुष्याचे सरळ दोन तुकडे केले होते. वरच्या अंगाला सासर, खालच्या अंगाला माहेर. त्यात ती शिकली नदीचं शास्त्र. म्हणजे भोगा आता.

पावसाळा सरला की गाव बंधाऱ्याच्या खांबांत लोखंडी बरगे बसवून पाणी अडवायचं. तनुजाने ग्रामसभेत उभं राहून सांगितलं, तळातले बरगे दिवाळीपर्यंत बसवू नका. धार वाहती राहिली तर खालच्या डोहातले मासे, शिंपले उन्हाळा काढतील आणि नदी जिती राहील. मासे म्हटल्यावर माळकऱ्यांनी तोंडं वाकडी केली. पण पाणीवापर संस्थेचे अध्यक्ष शेषेराव तिचे सासरेच. "सून खरं बोलती. जिम्मा माझा," ते म्हणाले, आणि गाव गप्प बसलं.

यंदा परतीच्या पावसाने तोंडच दाखवलं नाही. हरभऱ्याची पेर खोळंबली अन् गावाची जीभ सुटली. "मासे कशाचे? माहेराला पानी पाठवून राहिली बाई!" जावासुद्धा स्वयंपाकघरात तिला ऐकू जाईल इतक्याच हळू बोलायच्या. तनुजाला संताप यायचा. साफ खोटं होतं ते.

मग एके सकाळी ती धारेच्या कडेने खाली चालत गेली, आणि घात झाला. पाणी डोहापर्यंत पोचतच नव्हतं. माहेरच्या शिवारात, काठावरच्या गावविहिरीजवळ ते वाळूत जिरत होतं. विहीर तेवढी तुडुंब भरलेली. खालचे मासे गेलेच होते; वरचे तरी वाचवायचे तर आता बरगे टाकून बंधाऱ्यावरचं पाणी राखायचं, एवढंच हातात उरलं होतं. गावाचं खोटं आता खरं झालं होतं, आणि ते फक्त तिला माहीत होतं. गप्प बसली असती तर कुणाच्या बापाला कळणार होतं?

परतली तर बंधाऱ्यावर अर्धं गाव जमलेलं. शेषेराव आडवे उभे होते.

"तनुजा, तू न्हाई म्हन, म्या अजून अडवतो ह्यांना. पर खरं सांग, खालचे मासे जगून राहिले ना?"

म्हाताऱ्याने हे विचारायला नको होतं. दुसरं काहीही विचारलं असतं तरी ती निभावून गेली असती.

"न्हाई, मामा. टाका बरगे."

सून वठणीवर आली, कुणीतरी हसून म्हणालं. शेषेराव मान खाली घालून घराकडे निघाले. तिच्यासाठी त्यांनी गावाशी वैर घेतलं होतं. धारेचा आवाज हळूहळू थांबला.

आईला कळवायचं तिने रोज ठरवलं आणि रोज टाळलं. शेवटी आईचाच फोन आला.

"तनू, विहिरीचं पानी लई खाली गेलं गं. बाया घाबरल्यात. म्या म्हनलं, कशाला भेता? बंधाऱ्यावर माझी लेक हाय. हायस ना?"

"हाव," तनुजा म्हणाली.