ट्रॉलीच्या ब्रेकमधली हवा

खंडेनवमीला हिंदुराव मिस्त्रीच्या पान्यांना सुट्टी असते. सकाळी तो सगळी हत्यारं डिझेलने धुतो, पुसतो, पाटावर लाल फडकं अंथरून त्यावर मांडतो, हळदकुंकू आणि झेंडूची फुलं वाहतो. मग दसऱ्याच्या सकाळपर्यंत त्यांना हात लावायचा नाही. गिऱ्हाईक रडलं तरी नाही. शेजारच्या सिंधी कापडवाल्या साईंनी एकदा शटर अडकलं म्हणून नुसता पेचकस मागितला होता, तर हिंदुरावने त्यांना हात जोडून पेढा दिला होता. उल्हासनगर कॅम्प एकमधल्या त्या गल्लीत हा नेम सगळ्यांना ठाऊक होता.

चामटोली गावच्या हरिचंद्रलाही ठाऊक होता. तरी त्याचा फोन आलाच.

"हिंदुराव, ब्रेक पुन्ना मऊ झायला."

हिंदुरावच्या हातातली उदबत्ती तशीच राहिली. "परत? आरं, दोनदा हवा काढली त्याची!"

"मंग मी काय खोटा बोलताव? पाय ठेवला का जातंय खाली. उद्या देवी न्यायची हाय नदीवर."

हे 'नदीवर' ऐकलं आणि हिंदुरावने उदबत्ती खाली ठेवली. चामटोलीची नवरात्रातली देवी दसऱ्याला ट्रॅक्टरच्या ट्रॉलीतून नदीवर जाते. वाट शेवटी एकदम खाली उतरते आणि पाण्याच्या तोंडाशी वळते. देवीच्या भोवती गावातली निम्मी पोरं ट्रॉलीत बसलेली असतात. त्या भागातल्या बहुतेक ट्रॉल्यांना ब्रेक नसतोच. ट्रॅक्टर थांबला की ट्रॉलीने आपलं आपण समजून घ्यावं, अशी सगळ्यांची अपेक्षा असते. पण एका वर्षी ट्रॉलीने काही समजून घेतलं नाही, ट्रॅक्टरला ढकलत पार पाण्याच्या काठापर्यंत नेलं. कोणाला लागलं नाही, पण हरिचंद्र दुसऱ्याच आठवड्यात ट्रॉली घेऊन गॅरेजला आला. हिंदुरावने तिला ऑइल ब्रेक बसवून दिला. ट्रॅक्टरचं पेडल दाबलं की ट्रॉलीची चाकंही धरायची. तेव्हापासून ट्रॉलीच्या मागच्या फळीवर रंगवलेलं होतं, 'ब्रेक फिटिंग: हिंदुराव मिस्त्री, कॅम्प १'. आणि उतारावर स्टिअरिंग हरिचंद्रच्या हातात, हा गावचा रिवाजच होऊन बसला होता.

ब्रेक मऊ पडतो तो तेलाच्या नळीत हवा शिरली की. मग तेलाऐवजी हवाच दाबली जाते, पाय खाली जातो आणि चाक आपलं फिरतच राहतं. उपाय म्हणजे हवा काढायची. त्याला दोन माणसं लागतात, एक वर पेडलवर आणि एक खाली चाकापाशी. आठवड्यापूर्वी हरिचंद्र पहिल्यांदा तक्रार घेऊन आला तेव्हा वर त्याची पोरगी भाविका बसली होती आणि हिंदुराव ट्रॉलीखाली आडवा होता.

"दाब. दाब. अजून दाब. आता धर!"

भाविकाने पेडल दाबून धरलं, की हिंदुराव चाकाच्या आतलं बारीक निपल पान्याने सैल करी. तेल नळीतून बाटलीत येई आणि त्याबरोबर हवेचे बुडबुडे. निपल घट्ट झालं, की मगच "सोड!" वरच्याने घाई करून आधी पाय उचलला, तर बाहेरची हवा आत ओढली जाते आणि सगळी मेहनत पाण्यात. भाविकाने एकदाही घाई केली नाही. शेतातली नांगरणी ती एकटी करायची, ट्रॅक्टर तिच्या हातातला होता. फक्त नदीचा उतार हरिचंद्र तिला देत नसे. "तो पोरींचा काम नाय," असं तो म्हणे, आणि तसं का, हे विचारलं की त्याला शेतात काहीतरी काम आठवे.

त्या दिवशी दोन-चार बुडबुडे आले आणि मग नुसतं स्वच्छ तेल. भाविका म्हणाली होती, "काका, दगडासारखा कडक झालाय."

तरी दोन दिवसांनी हरिचंद्र परत दारात. हिंदुरावने आतले रबर बदलले, नवं तेल भरलं, पुन्हा हवा काढायला घेतली. या वेळी एक बुडबुडा निघेल तर शपथ. हवा नव्हतीच, तर काढणार काय? त्या दिवसापासून हिंदुरावची झोप उडाली होती. त्याला ब्रेकची भीती वाटत नव्हती, स्वतःची वाटत होती. वय झालं. हाताचा अंदाज गेला की काय? निपल आपण घट्ट केलं असं वाटतं आणि ते सैलच राहतं की काय? बायकोला त्याने हे सांगितलं नाही. गॅरेज बंद करण्याचा विचारसुद्धा त्याने आंघोळीला बसल्यावर एकदा करून पाहिला, आणि अंगावर पाणी न घेताच बाहेर आला.

आता तिसरा फोन. पाने पाटावर, पाटावर फुलं. हिंदुरावने हत्यारांकडे पाहिलं, देवीच्या तसबिरीकडे पाहिलं, आणि स्कूटरला किक मारली. "नुसतं बघून तर येतो," तो बायकोला म्हणाला. "बघायला पाना लागत न्हाई."

अंबरनाथ, बदलापूर मागे टाकून तो चामटोलीत पोचला तेव्हा दुपार कलली होती. हरिचंद्रच्या अंगणात ट्रॉली धुऊन उभी होती. भाविका बाजूच्या फळ्यांना आंब्याच्या पानांचे टाळे बांधत होती. हरिचंद्र खाटेवर बसला होता आणि त्याचं तोंड असं, की जणू हिंदुरावनेच हवा घरून आणून भरली होती.

"पाने कुठं हायेत तुझे?"

"पूजेत."

"जल्ला, मंग आयलास कशाला?"

हिंदुराव ट्रॉलीभोवती एक फेरी मारून आला. हातात पाना असता तर त्याने सवयीने सरळ खाली शिरून निपल उघडलं असतं, पुन्हा बाटलीभर तेल काढलं असतं आणि पुन्हा काही सापडलं नसतं. पाना नव्हता म्हणून तो ट्रॅक्टरवर चढला आणि स्वतः पेडलवर पाय ठेवला.

कडक. त्याने जोर दिला. पेडल जिथे थांबायला हवं तिथे थांबलं. तो पाय दाबून बसून राहिला. हळूहळू खाली जातंय का? नाही. उतरून त्याने चारही चाकांच्या आत हात घातला. कुठे तेलाचा ओलावा नाही. मग त्याने भाविकाला बसवून गाडी गल्लीत पुढे घ्यायला लावली आणि "मार!" म्हणून ओरडला. ट्रॉलीची चाकं जागच्या जागी धरली, मातीत चर उठले, आणि अंगणातल्या कोंबड्या फडफडत घराच्या छपरावर गेल्या.

"हे मऊ?" हिंदुराव म्हणाला.

"तुज्या पायाला लागतंय न् माज्या पायाला नाय?" हरिचंद्र उठला. "सर पोरी. मी दाखवताव."

तो वर चढला. हिंदुराव खाली उजव्या बाजूला, पेडलच्या अगदी शेजारी उभा राहिला. हरिचंद्रने पेडलकडे पाहिलं नाही. ज्या माणसाने अर्धा जन्म ट्रॅक्टरवर काढला, तो पायाकडे कशाला बघेल? तो हिंदुरावच्या तोंडाकडे बघत होता, चूक कबूल करून घेण्यासाठी.

त्याने पाय टाकला. टाच पेडलच्या कडेला लागली, घसरली आणि पाऊल बाजूच्या लोखंडी पत्र्यावर जाऊन बसलं. पेडल होतं तिथेच होतं.

"बघ," हरिचंद्र म्हणाला. "पार खाली गेला. पायाला काय लागलंच नाय, असा."

हिंदुरावच्या मनात पहिल्यांदा जे आलं ते असं, माझा ब्रेक बरोबर आहे. माझे हात बरोबर आहेत. छातीवरचं ओझं एकदम उतरलं आणि तो हसणारच होता. मग त्याने वर मित्राकडे पाहिलं आणि त्याला स्वतःची इतकी लाज वाटली की हसू तोंडातल्या तोंडात मेलं. हरिचंद्र अजून वाट बघत होता.

हिंदुरावने हात पुढे करून त्याच्या पायाचा अंगठा धरला आणि नखावर जोराने दाबला.

"काय कळतंय?"

"काय कलायचाय?"

"खाली बघ."

हरिचंद्रने वाकून पाहिलं. हिंदुरावच्या बोटांत आपला अंगठा त्याला दिसला. पत्र्यावर ठेवलेलं आपलं पाऊल दिसलं, आणि बाजूला रिकामं पेडल. भाविकाच्या हातातला टाळा तसाच राहिला.

जनीवहिनी चहा घेऊन ओटीवर आल्या होत्या. नवऱ्याचं तोंड बघून त्यांनी कप तिथेच खाली ठेवले. "मी सांगत होते," त्या म्हणाल्या. "परवा शेतानशी एका पायात चप्पल घालून आले. दुसरी कवा निघाली, यांना पत्ता नाय. बदलापूरच्या डॉक्टरनी बोललं होतं, शुगरमदी पाय बधिर व्हतात, सांभाला. यांनी ऐकलं कवा?"

"शुगर सगल्यांना हाय," हरिचंद्र म्हणाला. पण आवाज निघाला तो भांडणाचा नव्हता. तो अजून पायाकडेच बघत होता. मग हळूच म्हणाला, "हिंदुराव, गेल्या वर्साला पन असाच असल काय रं?"

"काय ठाऊक."

"ट्रॉलीत पोरं होती सगली. मंडलाच्या आनंदाची जुली दोगं. म्या उतारावर ब्रेक मारला तवा..." तो थांबला. "गाडी जरा पुढं गेली होती. मना वाटला, ओल होती म्हनून."

हिंदुरावने त्याला हात देऊन खाली घेतलं. खाटेवर दोघं शेजारी बसले. हरिचंद्रचा हात हिंदुरावने सोडला नाही. इतक्या वर्षांत दोघांनी एकमेकांचा हात असा कधी धरला नव्हता, पण त्या वेळी ते कोणाच्या ध्यानातही आलं नाही.

"ऐक," हिंदुराव हळू आवाजात म्हणाला. "मंडळाला मी सांगतो. ब्रेकचा सिलिंडर गेलाय म्हणतो, नवा मिळायला टाइम लागंल. उद्यापुरता दुसऱ्या कोणाचा तरी ट्रॅक्टर बोलवा. तुझं नाव कुठं येणार न्हाई. परवा आपण दोघं डॉक्टरकडं जाऊ, गुपचूप."

"न् तुझा नाव?"

"माझं काय. दोन दिवस बोलतील, मिस्त्रीला जमलं न्हाई म्हणून. मग विसरतील."

हरिचंद्रने मान खाली घातली. हिंदुरावला वाटलं, ठरलं. चामटोलीच्या गावकीत स्टिअरिंगवरून उतरणं म्हणजे काय, हे त्याला कळत होतं. मानाच्या जागेवरून कोणी उठवलं असं ते दिसणार होतं. त्यापेक्षा एका मिस्त्रीचं नाव थोडं खराब झालेलं परवडलं. मात्र आतून त्याला ते परवडत नव्हतं, आणि हेही त्याला कळत होतं.

संध्याकाळी आरतीच्या आधी दोघं देवीच्या मांडवात गेले. भाविका आणि जनीवहिनी मागून आल्या. मंडळाचा अध्यक्ष आनंदा झांजा वाटत होता. त्याने दुरूनच हाक दिली, "काय मिस्त्री, झायला काय आमचा ब्रेक? का याही वर्साला देवीलाच सांगाचा, सांभालून घे म्हनून?"

मांडवातली माणसं हसली. हिंदुरावने घसा साफ केला. "त्याचं काय झालंय आनंदाशेठ, सिलिंडर जरा..."

"सिलिंडरला काय झायला नाय," हरिचंद्र मध्येच म्हणाला.

त्याचा आवाज मोठा नव्हता, तरी झांजा थांबल्या.

"ब्रेक येकदम कडक हाय. हिंदुरावच्या कामात खोट नाय, कवाच नव्हती. आठ दिवस मी त्याला फुकट राबवला न् वर बोल लावला. माजा पाय गेलाय. पेडलवर हाय का पत्र्यावर, मना कलत नाय. गेल्या वर्साला तुमची पोरं मी तसाच खाली नेली." त्याने देवीकडे पाहिलं. "देवीनं सांभाललं. पुन्ना तिला तरास द्याचा नाय."

आनंदाने आपल्या जुळ्या पोरांकडे पाहिलं, ती तर खांबाभोवती शिवाशिवी खेळत होती. हिंदुराव जमिनीकडे बघत होता. डोळे भरून आले होते आणि ते लपवायला त्याच्याकडे चष्माही नव्हता.

"मंग उद्या गाडीवर कोन?" आनंदाने शेवटी विचारलं.

हरिचंद्र मागे वळला. भाविका आईच्या शेजारी उभी होती, हाताला अजून आंब्याच्या पानांचा चीक.

"हिला उतार येतो काय?" मांडवातून कोणीतरी विचारलं.

"मना कसा माहीत?" हरिचंद्र म्हणाला. "मी कवा दिलाच नाय तिला." मग तो भाविकाकडे बघून म्हणाला, "उद्या तू बस. मी बाजूला मडगार्डवर बसनार नाय, नायतर तुला सांगत बसन, असा कर न् तसा कर. मी मागं ट्रॉलीत बसन, पोरांत."

भाविकाने मान डोलावली. आनंदाने जुळ्यांना हाक मारून जवळ घेतलं आणि त्यांच्या हातात झांजा दिल्या. आरती सुरू झाली. हरिचंद्र उभा होता तिथेच खाली बसला आणि दोन्ही पाय पोटाशी घेऊन हाताने चोळू लागला.