खिळ्यावरचा कप

माझं डोकं गरम हाय, हे उंब्रजमधी कुणालाबी विचारा. अठ्ठावीस वर्सं पलटणीत काढली, सुभेदार होऊन घरी आलो, तवापासनं कुणी हुकूम दिलेला मला खपत न्हाई. सरकारनं दिलेला तर मुळीच न्हाई. म्हणून तर मी झेडपीला अपक्ष उभा राहिलो होतो. नऊ वर्सं झाली त्याला. चिन्ह होतं कपबशी.

माझं म्हणणं साधं होतं. एका मोठ्या पक्षाची माणसं म्हणायची, धंदा मोकळा करू, कर कमी करू. पण कुणी काय खायचं, पोरीनं कुणाशी लगीन करायचं, त्यात ह्यांचं नाक. दुसऱ्या पक्षाची म्हणायची, खावा काय बी, लगीन करा कुणाशीबी. पण ऊस कुठल्या कारखान्याला घालायचा, साखर देशाबाहेर कवा जाऊ द्यायची, ते आमी ठरवणार. म्हंजे एकाला माझं घर पायजे, दुसऱ्याला माझं रान. आणि खुर्चीत बसलं की दोघांनाबी दोन्ही पायजे. मी म्हणायचो, घर माझं, रान माझं, दोन्हीकडनं हात काढा.

हे भाषण मी रोज चार वाजता सोपानपुढं म्हणून बघायचो. सोपान माझा शाळेतला दोस्त, बौद्धवाड्यातला. एसटीत कंडक्टर होता, रिटायर झाल्यावर एसटीनं अर्ध्या तासावर मलकापूरला घर बांधलं, पण चारच्या चहाला माझ्या पडवीत हजर. "पेन्शन सरकारची खातोस आणि सरकारलाच शिव्या देतोस व्हय रं?" म्हणून हसायचा. तरी माझ्या अर्जावर सूचक म्हणून सही त्याचीच होती; मतदार यादीत नाव अजून उंब्रजलाच होतं.

फक्त एकदा म्हणाला, "हंबीर, सगळं पटतं गड्या. एक खिळा मातूर तुझ्या म्हणण्यात बसत न्हाई."

कुठला खिळा ते मला ठाऊक होतं. माझ्या बापाचं स्टँडजवळ हॉटेल होतं. मागच्या दाराशी, भाईर, भिंतीला एक खिळा, आणि त्याला जर्मलचा, हलक्या पत्र्याचा कप अडकवलेला. सोपानचा बाप यायचा, आपल्या हातानं कप काढायचा. माझा बाप वरनं चहा ओतायचा. तो उभ्यानं प्यायचा, कप धुवायचा आणि परत खिळ्याला लावायचा. आमी दोघं तवा चौथीत होतो. पुढं एक दिवस फौजदार आला, लय बोलला, आणि बापानं खिळा उपटून कप उकिरड्यावर टाकला. सोपानच्या बापानं तो उचलून घरी नेला.

"तुझ्या बापाच्या मर्जीनं न्हाई निघाला तो खिळा," सोपान म्हणाला. "सरकार दारात आलं तवा निघाला."

"जुनं उकरू नगंस," म्हणून मी विषय मोडला.

मग चौकातली सभा झाली. मी बोलत होतो, सोपान मागं खुर्चीवर चहाचा कप घेऊन बसला होता. खालनं नाथाजी उठला, एका पक्षाचा कार्यकर्ता, वाकड्यात शिरणारा. "सुभेदार, सरकारनं कशातच पडायचं न्हाई म्हणता. मग तुमच्या बापाचा तो खिळा बरोबर होता का?"

लोकं हसली. बापाचं नाव काढलं आणि माझं टाळकं सरकलं. मी माईकमधी म्हणालो, "हॉटेल त्याचं, मर्जी त्याची. ज्याला पटत न्हाई त्यानं दुसरीकडं चहा प्यावा."

काही जणांनी टाळ्यासुद्धा वाजवल्या. मी वळून बघितलं तर सोपान कप खुर्चीखाली ठेवून पायऱ्या उतरत होता. त्यानं मागं बघितलं न्हाई.

मी पडलो, ते सोडा. सोपान परत आला न्हाई. आठ वर्सं. मी चुकलो हे मला माईक सोडतानाच कळलं होतं, पण माफी मागायला जायचं म्हंजे जीभ उचलत न्हवती. गेल्या भादव्यात तो हार्ट अटॅकनं गेला. मी मलकापूरच्या स्मशानाच्या फाटकापर्यंत गेलो आणि तिथनंच माघारी आलो.

तिसऱ्या दिवशी चार वाजता पडवीत आवाज आला. भिंतीवर पत्रा हलकाच आपटावा तसा. टिंग. एकदाच.

दुसऱ्या दिवशी परत. मी भिंतीवरचं कॅलेंडर काढलं, घड्याळ काढलं, सगळं खिळं उपटलं. नागड्या भिंतीतनं आवाज येतच राहिला. महिन्याभरानं तिथं छातीएवढ्या उंचीवर एक पुसट रेघ दिसायला लागली, अर्धगोल, काहीतरी अडकवून झुलत ठेवल्यागत. चुना मारला. आठ दिवसांत रेघ परत वर आली. मी बर्फात पहारा दिलेला माणूस, पण पावणेचार वाजले की पडवी सोडून अंगणात जाऊन उभा राहायचो. लाज कशाला, मी भ्यालो होतो.

मनूला, माझ्या बायकोला, आवाज ऐकू यायचा न्हाई. पण ती माझ्याकडं बघायची. "आवं, सोपानभावजींच्या घरी जाऊन या," एक दिवस म्हणाली. "भिंतीला किती चुना लावणार?"

परत झेडपी लागली होती. अर्ज आणायला तालुक्याला जातो असं निमित्त केलं आणि मलकापूरच्या घरी सोपानच्या लेकीकडं, आम्रपालीकडं गेलो. ती शाळेत शिकवते. तिनं बसा म्हटलं, मी बसलो न्हाई. "पोरी, मी चुकलो," म्हणालो. "तुझ्या आण्णाला सांगायला पायजे होतं. आता तुला सांगतो."

तिनं ऐकून घेतलं. आत जाऊन चहा टाकला आणि मला मागच्या दाराशी नेलं. भाईर भिंतीला खिळा होता. खिळ्याला तोच जर्मलचा कप.

"आण्णा सांगून गेलेत," ती म्हणाली. "हंबीर उशिरा येईल, पण येईल. आला की ह्यातच चहा द्यायचा. घर आपलं, मर्जी आपली. त्याला पटत न्हाई तर दुसरीकडं पिऊ दे."

चपला पायातच होत्या. मला कुणी अडवलं नसतं. नियम माझाच होता.

मी कप काढला. तिनं वरनं चहा ओतला. पत्रा तापला, बोटं पोळली, ओठ पोळलं. साठी ओलांडलेला मी एका पोरीसमोर उभ्यानं चहा पीत होतो, आणि सोपानचा बाप रोज माझ्यासमोर प्यायचा म्हंजे काय ते मला पहिल्यांदा उमगलं. लय रडू आलं. पुढं काय करायचं ते तिनं सांगितलं न्हाई. मी नळाखाली कप धुतला आणि खिळ्याला लावला.

टिंग.

तोच आवाज. कपामागं भिंतीवर अर्धगोल रेघ होती, खोल गेलेली.

"सभेच्या दुसऱ्या दिवसापासनं आण्णा चारचा चहा ह्याच कपात घ्यायचे," आम्रपाली म्हणाली. "ते गेल्यापासनं कपाला कुणी हात लावला न्हाई."

माझा हात खिळ्यावरच होता. "काढू का हा?" मी विचारलं.

"नको, काका," ती म्हणाली. "उद्या चारला या."

अर्ज भरायची तारीख निघून गेली. मी रोज तीनच्या एसटीनं मलकापूरला जातो. उंब्रजच्या पडवीत आता आवाज येत न्हाई. तो मलकापूरच्या खिळ्यावर मीच करतो.