कुणाला कुठली खुर्ची

काळाचौकीच्या अभ्यासिकेत खुर्च्या चाळीस आणि अभ्यास करणारी पोरं एकशे दहा. कुणी किती वाजता कुठे बसायचं, हे ठरवणारा प्रोग्राम धम्मपाल यांनी अठरा वर्षांपूर्वी स्वतः लिहिला होता. टेलिफोन खात्यातली नोकरी सांभाळून, दादरच्या संध्याकाळच्या क्लासला जाऊन ते हे शिकले होते. त्या प्रोग्रामबद्दल ते स्वतःहून कधीच बोलत नसत. फक्त समोरच्याने विषय काढेपर्यंत त्याला उठू देत नसत.

आता कमिटीचे सेक्रेटरी अभय यांच्या मनात आलं, की हे सगळं एखाद्या फ्रेमवर्कवर न्यावं. फ्रेमवर्क म्हणजे वेबसाइटचा तयार सांगाडा. लॉगिन, फॉर्म, याद्या सगळं आधीच बांधलेलं असतं, आपण आपले नियम तेवढे भरायचे. न्यावं की नाही याचा सल्ला द्यायला त्यांनी नेमलं कुणाला, तर धम्मपालांच्याच मुलीला. संघमित्रा परळच्या एका कंपनीत हेच काम करायची.

आपल्याला अजिबात वाईट वाटलेलं नाही, असं धम्मपालांनी घरात तीन वेळा सांगितलं. मग रविवारच्या मीटिंगसाठी फ्रेमवर्कविरुद्ध सतरा मुद्दे काढले. अकरावा मुद्दा 'आपल्याला काय गरज' असा होता आणि पंधरावाही तोच होता. खरा मुद्दा त्यांनी लिहिलाच नव्हता. निवृत्तीनंतर आपल्या हातचं एवढं एकच काम रोज कुठेतरी चालू आहे, तेही गेलं तर आपण नुसते पेपर वाचणारे म्हातारे, ही त्यांना धास्ती होती.

संघमित्रा आठवडाभर अभ्यासिकेत, ती सांभाळणाऱ्या कौसल्याताईंजवळ जाऊन बसली. घरी आली की वडिलांचा कोड उघडायची आणि हसू दाबायची.

"पप्पा, इथे लिहिलंय, 'तात्पुरतं, पुढच्या आठवड्यात नीट करणे.' तारीख दोन हजार नऊची आहे."

"मग नसेल झाला अजून आठवडा."

"आणि एकाच फाइलमध्ये चार हजार ओळी?"

"शोधायला सोपं जातं," धम्मपाल गंभीरपणे म्हणाले.

मीटिंग अभ्यासिकेतच होती, सात जण होते. अभय यांनी विचारताच संघमित्रा उभी राहिली. "फ्रेमवर्क नको. आहे ते चालू द्या," एवढंच बोलून ती बसली. धम्मपालांचे सतरा मुद्दे जागच्या जागी राहिले.

जिंकल्यावर माणसाने खूश व्हावं. पण ही पोरगी पाहुण्यांसमोर भाजीत मीठ कमी आहे म्हणून सांगणारी. ती एवढं गोड बोलली म्हणजे पाणी कुठेतरी मुरतंय. चहाच्या गडबडीत त्यांनी तिला जिन्यात गाठलं.

"खरं काय ते सांग."

"राहू द्या ना, पप्पा. जिंकलात ना तुम्ही?"

"मित्रा."

तिने कठड्यावर हात टेकले. "तुमचा प्रोग्राम कुणी वापरतच नाही. कौसल्याताई रोज सकाळी त्याची यादी प्रिंट करतात. मग कागद उलटा करून मागच्या कोऱ्या बाजूला आपली यादी लिहितात. पोरं त्या यादीने बसतात. आज दहा-बारा वर्षं झाली. कपाटात गठ्ठे आहेत, मी बघितलेत."

"मग प्रिंट काढतात कशाला?"

"तुम्हाला वाईट वाटू नये म्हणून."

धम्मपालांनी वर अभ्यासिकेच्या दाराकडे बघितलं.

"फ्रेमवर्क आणून काय होणार?" ती हळू आवाजात म्हणाली. "तुमचेच नियम नव्या कपड्यात. जो आधी नाव नोंदवेल त्याला आधी खुर्ची. ताई तो कागदही उलटाच करणार. मला हे सगळ्यांसमोर नव्हतं बोलायचं."

धम्मपालांना आधी राग आला. तो कुणावर काढावा हे काही कळेना, आणि मग नुसतीच लाज उरली. ते तसेच वळून वर गेले.

कौसल्याताई खुर्च्या सरळ करत होत्या. वीस वर्षं अभ्यासिकेची किल्ली त्यांच्याच कमरेला.

"ताई, तुम्ही पोरांना कशा बसवता?"

ताईंच्या हातातली खुर्ची तिथेच थांबली. त्यांनी आधी धम्मपालांकडे बघितलं, मग दारात आलेल्या संघमित्राकडे. चोरी पकडली गेली हे त्यांना कळलं. मग त्या खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून सांगू लागल्या.

"ही प्रितीची. तिचा भाऊ रात्रपाळी करून दिवसा झोपतो, खोली एकच. म्हणून तिला सकाळची. राकेशला दारापाशी बसवला तर येणाऱ्या-जाणाऱ्याशी गप्पा मारतो, त्याचं तोंड भिंतीकडे. प्रफुल्ल वडाळ्याहून चालत येतो, उशीर झाला तरी त्याची जागा दुसऱ्याला द्यायची नाही. आणि जो परीक्षेत नापास झाला त्याला चार दिवस कोपरा. कुणी बघायला नको."

धम्मपालांनी मुलीकडून कागद मागून घेतला आणि भराभर लिहीत सुटले. मधेच अभय डोकावले, तेव्हा मान वर न करता म्हणाले, "फ्रेमवर्कचं मागाहून बघू. आधी नियम तर कळू देत."

नऊ खुर्च्या झाल्यावर त्यांचं पेन थांबलं. "एवढं सगळं माहीत होतं, तर मला कधी सांगितलं का नाही?"

"दर रविवारी येऊन तुम्ही प्रिंटर चालतोय का विचारायचात, भाऊ. तो चालायचा," कौसल्याताई म्हणाल्या. "पोरांचं आज विचारलंत."

"दहावी खुर्ची कुणाची?" असं विचारून धम्मपालांनी पुन्हा लिहायला घेतलं.