अप्पांची अंगारकी

लॅबमधल्या मुलीने अप्पांच्या दंडाला पट्टा बांधला, कापूस भिजवला, सुई उघडली आणि मग सवयीने विचारलं, "काका, जेवून दोन तास झाले ना?"

"जेवलंय खंय?" अप्पा म्हणाले. "आज अंगारकी मा."

मुलीने पट्टा सोडला. सुचित्राने डोळे मिटले. तिच्या बोटांना अजून तांदळाच्या उकडीचा वास येत होता, नखांत पिठी होती, आणि भिंतीवरच्या घड्याळात अकरा वाजून पाच मिनिटं झाली होती.

"अप्पा," ती डोळे न उघडताच म्हणाली, "मी नऊ वाजता तुमच्या पुढ्यात थालीपीठ ठेवलं होतं."

"ठेवलं होतंस."

"वर दही."

"दहीपण होता."

"मग?"

उत्तर दिलं ते ओवीने. शाळेच्या गणवेशात, एक वेणी बांधलेली, दुसरी सुटलेली, अशी ती दाराशी उभी होती. "आई, ते मी खाल्लं. आजोबा म्हणाले, तू वाढत्या अंगाची आहेस."

त्या दिवसाची घडी सुचित्राने रविवारीच घालून ठेवली होती, इस्त्रीच्या साडीसारखी, काठाला काठ लावून. गुरुवारी अप्पांच्या उजव्या डोळ्याचं ऑपरेशन. त्याआधी मंगळवारी साखर तपासायची, एकदा उपाशी पोटी, एकदा जेवल्यावर दोन तासांनी, आणि दोन्हींचा रिपोर्ट दुपारी दोनच्या आत याच हॉस्पिटलच्या डोळ्यांच्या विभागात नेऊन द्यायचा. दोन वाजता खिडकी बंद. रिपोर्ट नाही तर तारीख नाही, आणि पुढची तारीख थेट अडीच महिन्यांनी. आधीच दोन तारखा हुकल्या होत्या. एकदा साखर चढली म्हणून, एकदा ताप आला म्हणून.

त्याच मंगळवारी अंगारकी. लोअर परळच्या एका ऑफिसातून सव्वाशे उकडीच्या मोदकांची ऑर्डर, चार वाजता घ्यायला माणूस येणार. त्याच मंगळवारी ओवीची मराठीची तोंडी परीक्षा, शाळा साडेबाराची. आणि वैभव, म्हणजे नवरा, सकाळी सातलाच रे रोडच्या गोदामात गेलेला. जाताना म्हणाला होता, "काही लागलं तर फोन कर." हे वाक्य तो लग्न झाल्यापासून म्हणत आला होता.

तरी घडी बसत होती. आठला पहिलं रक्त, नऊला अप्पांचं खाणं, अकरापर्यंत चाळीस मोदक, अकराला दुसरं रक्त, तसंच पुढे ओवीला शाळेत सोडून घरी, मग उरलेले मोदक. मधल्या वेळात उकड सुकू नये म्हणून शेजारच्या कालिंदीकाकू परातीजवळ बसल्या होत्या. सगळं मोजून मापून. मोजलं नव्हतं ते फक्त अप्पांना.

"तुम्हाला डॉक्टरांनी उपास बंद करायला सांगितला त्याला दोन वर्षं झाली," सुचित्रा म्हणाली. आता ती तिघं बाहेरच्या बाकावर आली होती. "माझ्यासमोर तुम्ही हो म्हणालात."

"डागतराक हो म्हटलं."

"आणि मग?"

"मग काय. देवाक नाय कसा म्हणू?"

"म्हणजे दोन वर्षं दर संकष्टीला तुमचं ताट..."

"कधी मी, कधी खालचा मोती," ओवी म्हणाली. मोती म्हणजे चाळीच्या तळमजल्यावरचा कुत्रा. आईकडे बघून ती लगेच बुटाची नाडी बांधायला वाकली. नाडी बांधलेलीच होती.

सुचित्राला दोन वर्षांचा तो साखरेचा तक्ता आठवला. कधी वर, कधी खाली, घाटातल्या रस्त्यासारखा. डॉक्टर तिलाच ओरडायचे, 'पेशंटच्या खाण्याकडे घरात कुणी बघतं की नाही?' ती मान खाली घालून ऐकायची. भाकरी बदलली, तांदूळ बदलला, चहातली साखर काढली, कारल्याचा रस काढून दिला. त्या कारल्याच्या रसाचा कडूपणा आता तिच्याच जिभेवर आला.

"आणि गोळी? सकाळची गोळी तरी घेतलीत?"

"गोळी जेवणाबरोबर घ्यायची. जेवान नाय तर गोळी कित्याक?" अप्पांच्या आवाजात आपण काही चुकलो नाही याची खात्री होती. "आणि तू म्हणालंस, उपाशी पोटी रगत द्यायचा. दिलंय. सकाळीय उपाशी, आताय उपाशी. दोन्ही येळेक नियम पाळलंय मी."

सुचित्राने वैभवला फोन लावला. मागे कसलीशी लोखंडी पेटी आपटल्याचा आवाज.

"अगं, मग समजव ना त्यांना," वैभव म्हणाला.

"तुझे वडील आहेत."

"पण ऐकतात तुझंच."

"हे ऐकणं आहे? दोन वर्षं माझं ताट कुत्र्याला घालतायत!"

"बरं, मी बोलतो संध्याकाळी," वैभव म्हणाला, आणि फोन ठेवला. संध्याकाळी! दोन वाजता खिडकी बंद होणार होती आणि हा संध्याकाळी बोलणार होता.

तिने मनात तास जोडले. आत्ता सव्वाअकरा. आत्ता दोन घास खाल्ले तर सव्वा वाजता रक्त, पावणेदोनला रिपोर्ट, दोनच्या आत खिडकी. सुईच्या नाकातून दोरा जावा इतकीच जागा होती, पण होती. ती कॅन्टीनमधून पोळी, भाजी आणि वरणभात घेऊन आली, ताट अप्पांच्या मांडीवर ठेवलं आणि म्हणाली, "जेवा."

अप्पांनी ताटाला नमस्कार केला आणि ते बाजूला सरकवलं.

"चंद्रोदयाक जेवन."

"तेव्हा लॅब बंद असते, अप्पा."

"मग ऱ्हावूंदे डोळो. माका काय नवीन बघूचा आसा आता?"

हे ऐकून मात्र तिचा तोल गेला. "तुम्हाला नसेल बघायचं! मला बघायचंय! तुम्हाला दिसायला लागलं की सकाळी ओवीला शाळेत कोण सोडणार होतं? तुम्हीच म्हणालात ना? प्रभादेवीच्या गिऱ्हाइकांचे डबे कोण पोचवणार होतं? मागच्या महिन्यात जिन्याच्या दोन पायऱ्या चुकलात, तेव्हापासून मी एक कान ओट्याशी आणि एक कान जिन्याशी ठेवून मोदक वळते. तुमचा एक डोळा नीट झाला तर माझा एक हात मोकळा होईल, अप्पा. एकच. तेवढाही देव देत नसेल तर उपास कशासाठी करता?"

बाकावरची माणसं वळून बघू लागली. ओवीने आजोबांची बाही धरली.

अप्पांनी आपला पांढुरका डोळा समोरच्या भिंतीकडे वळवला. मग हळू म्हणाले, "तुज्यासाठीच धरतंय."

"काय?"

"तुझी पयली ऑर्डर इली ती अंगारकीक. एकवीस मोदक. आठवता? सगळे फाटले. पात्रात सारण भायर. तू मोरीत बसून रडलंस. त्या दिवशी म्हटलं, बाप्पा, हिचो मोदक फाटता नये. मी उपाशी ऱ्हवतंय. त्येच्यानंतर फाटलो तुझो एक तरी मोदक? सांग."

सुचित्राला सांगायचं होतं की त्यानंतर ती पिठी बदलायला शिकली, पाणी मोजायला शिकली, उकड गरम असताना मळायला शिकली, तळहात भाजून घ्यायला शिकली. पण दर संकष्टीला कुणीतरी तिच्यासाठी उपाशी राहत होतं. माहेरी सांगण्यासारखं काहीतरी होतं हे. आणि त्याच वेळी या म्हाताऱ्याला गदागदा हलवावं, असंही वाटत होतं. माझ्यासाठी उपास धरायचा आणि त्या उपासापायी माझाच दिवस उधळून टाकायचा!

"अप्पा, मी सकाळपासून चहाच्या घोटावर आहे," ती शेवटी म्हणाली. आवाज थकला होता. "साडेचारला उठले. मी काय खाल्लंय? माझाही उपासच आहे. फक्त तो कुणी मोजत नाही."

"मग तिलाच देऊन टाका की उपास," बाकाच्या दुसऱ्या टोकाकडून आवाज आला.

रखमा म्हणून कुणी बाई होती, पायाला बँडेज, हातात केसपेपर. सगळं ऐकत होती, आणि ते लपवायची तिला गरज वाटत नव्हती. "माझ्या सासूने तिचे सोमवार मला दिले. मरायच्या आधी नाही, चांगली धडधाकट होती. म्हणाली, गुडघे दुखतात, घे. हातावर पाणी सोडलं, झालं. घरातला उपास घरात राहिला तर देवाला काय फरक पडतो?"

अप्पांनी मान वळवली. त्यांच्या चेहऱ्यावर पहिल्यांदाच विचार उमटला. "सुनेक देतत?"

"सुनेलाच देतात. मुलगे कुठे धरतात?"

सुचित्राला हसावं की रडावं कळेना. घरातलं प्रत्येक काम गावभर फिरून शेवटी तिच्याच ओट्यावर येऊन बसायचं. दुधाचं, दळणाचं, ओवीच्या प्रकल्पाचं, सिलिंडरचं. आता हा उपासही पायात चपला घालून तिच्याकडे निघाला होता.

"फक्त अंगारकी," ती म्हणाली. "दर महिन्याची संकष्टी नाही."

"उपासात घासाघीस नसता गो."

"माझ्याकडे असते. वर्षातून येतील त्या अंगारक्या. आणि संकष्टीला तुम्ही दोन्ही वेळ जेवायचं. गोळीसकट. माझ्यासमोर बसून."

"आणि मोदक फाटले तर?"

"फाटले तर तेव्हा बघू."

अप्पांनी बाजूला सरकवलेलं ताट जवळ ओढलं. मग म्हणाले, "ओवी, पाणी."

ओवीने दप्तरातून पाण्याची बाटली काढली. सुचित्राने उजवा तळहात पुढे केला, भाजल्याच्या खुणांचा, पिठी सुकलेला. अप्पांना तो नीट दिसत नव्हता. त्यांनी आधी आपल्या बोटांनी तो चाचपून पाहिला, मनगटापासून बोटांच्या टोकांपर्यंत, आणि मग त्यावर पाण्याची धार सोडली. ओठ पुटपुटले. पाणी बोटांमधून निसटून फरशीवर पडलं.

"ओ, काय चाललंय?" झाडूवाल्या मावशी ओरडल्या. "आत्ताच पुसलंय मी!"

अप्पांनी गोळी घेतली आणि जेवायला सुरुवात केली. घड्याळात अकरा वाजून बावीस मिनिटं. सुचित्राने ती वेळ ओवीच्या पेनने मनगटावर लिहून ठेवली, अप्पांना रखमाच्या हवाली केलं आणि मुलीला घेऊन निघाली.

शाळेच्या फाटकापाशी ओवी म्हणाली, "आई, तू रागावलीस?"

"हो."

"माझ्यावर?"

"सगळ्यांवर. वेणी घाल. आणि थालीपीठ कसं होतं?"

"मस्त," ओवी म्हणाली आणि आत पळाली.

घरी कालिंदीकाकू परातीपुढे मांडी ठोकून बसल्या होत्या. त्यांच्या मोदकाला सातच कळ्या पडायच्या, सुचित्राच्या मोदकाला अकरा, म्हणून त्या फक्त पाऱ्या करून देत होत्या आणि आपल्याशीच गुणगुणत होत्या, आत्ताच जुळवलेलं काहीतरी,

कळीला गं कळी, बोट बोटाला सांगतं
एकल्या जिवापाशी, घर दहांदा मागतं

"हे कुणावर?" सुचित्राने विचारलं.

"कुणावर म्हणजे? मोदकावर," काकू म्हणाल्या. "बस. चहा ठेवू?"

"नको. माझी अंगारकी आहे."

काकूंनी तिच्याकडे असं पाहिलं, जणू तिला ताप भरलाय. सांगायला वेळ नव्हता. बोटं चालू झाली. पारी, सारण, कळी, कळी, कळी, आणि वर टोक. वेलची, गूळ, ओलं खोबरं यांचा वास एरवी तिला कळतही नसे, पण आज तो नाकातून थेट पोटात उतरत होता. उपास नावाने धरला की भूकही नावाने लागते, हे तिला आजच कळत होतं. एका तासात अडतीस झाले. मग ती पुन्हा जिना उतरून धावत निघाली.

एक वाजून बावीस मिनिटांनी अप्पांच्या दंडात सुई गेली. दोनला दहा मिनिटं कमी असताना रिपोर्ट हातात आला, एकशे ऐंशी. डोळ्यांच्या विभागातल्या डॉक्टरांची अट दोनशेच्या आतली होती. सुचित्रा धावली. खिडकीतला माणूस डबा उघडायच्या तयारीत होता. त्याने तिच्याकडे पाहिलं, घड्याळाकडे पाहिलं, एक निःश्वास सोडला आणि कागदावर शिक्का मारला.

"काय लिवलानी?" मागून पोचलेल्या अप्पांनी विचारलं. कागद त्यांनी डोळ्यापाशी नेला, मग नाकापाशी, मग तिला परत दिला.

"गुरुवार, सकाळी आठ. हलका नाश्ता करून यायचं." तिने ते शब्द एकेक करून, मोठ्याने वाचले. "नाश्ता, अप्पा. करून."

"करीन गो. आता माझो खंय उपास?"

तेवढ्यात तिचा फोन वाजला. काकू होत्या. सारण संपत आलं होतं, नारळ खवायचा होता, आणि अजून सत्तेचाळीस मोदक बाकी होते. सुचित्राने कागद पर्समध्ये कोंबला, अप्पांना रखमाच्या शेजारी बसवलं, "इथून हलायचं नाही, चारनंतर येते," असं बजावलं आणि पदर खोचून पळत सुटली.

ती दाराशी पोचली तेव्हा मागून अप्पांचा आवाज आला, पोटभर जेवलेल्या माणसाचा खणखणीत, काळजीने भरलेला.

"गो सुचित्रा! सावकाश जा! उपाशी पोटी असा धावू नये, भोवळ येता!"

ती थांबली. वळली. बाकावर अप्पा आणि रखमा शेजारी शेजारी बसून तिच्याकडे बघत होते, दोघंही मान डोलावत, दोघांनाही हे अगदी पटलेलं.

सुचित्राने पर्स खांद्यावर नीट केली. आणि मग ती खरंच, जरा सावकाश चालायला लागली.