किल्ली वर, गाडी खाली

गुरुवारी संध्याकाळी नौफल सुट्टीसाठी घरी आला तेव्हा नुसता पाऊस होता. शुक्रवारी सकाळी दार उघडलं, तर उंबऱ्याशी कमरेइतका बर्फ. वीज गेलेली, नळ गोठलेले, आणि ऐन सनोबर या त्याच्या गावाहून खाली शहरात उतरणारा एकुलता एक रस्ता दिसेनासा झालेला.

अजलूनच्या डोंगरात बर्फ काही नवा नव्हता. पण एवढा नौफलनं कधी पाहिला नव्हता. गावानं दोन दिवस बर्फ हटवणाऱ्या गाडीची वाट पाहिली. ती चालवणारा अख्ख्या भागात एकच माणूस होता, आणि तो होता नौफल. गाडी खाली शहरात रस्तेखात्याच्या कचेरीच्या आवारात उभी आणि तिची किल्ली नौफलच्या कोटात.

रविवारी ट्रॅक्टरच्या बॅटरीवर त्यानं फोन चालू केला, तसा कचेरीतल्या साहेबांचाच फोन आला.

"नौफल, रस्ता मोकळा कर की बाबा!"

"करतो ना साहेब. पण खाली यायला आधी मला रस्ता पाहिजे."

"मग दुसरी किल्ली कुठाय?"

"तीन वर्षांपूर्वी हरवली. मी अर्ज दिला होता."



त्याची बायको विजदान चुलीपाशी हसून हसून लोळायची बाकी राहिली. "सगळा मुलूख तुमची वाट बघतोय, आणि तुम्ही बसलाय स्वतःचीच वाट बघत!"

नौफललाही हसू आलं, पण मनातून तो ओशाळला. गावातलं पीठ संपत आलं होतं. तो चालतच निघाला. पण पहिल्याच वळणावर विजेचे तीन खांब तारांसकट रस्त्यावर आडवे पडलेले. तो मुकाट्यानं परत फिरला.

शेजारची उम्म गालिब, सत्तरी उलटलेली, मेंढीच्या कातड्याचा कोट घालून अंगणात उभी होती. "पोरा, मलाही यायचंय खाली. माझी कवळी दुरुस्तीला डॉक्टरकडे पडलीय. तीन दिवस चहात रोटी बुडवून गिळतेय."

"खाला, रस्ताच नाहीये."

"तुझा नसेल. माझा आहे. लग्नाआधी ऑलिव्हची पोती घेऊन उतरायचे मी."

ओकच्या दाट झाडीतून जाणारी ती पायवाट नौफलनं जन्मात पाहिली नव्हती. डांबर आल्यापासून तिथं शेळ्यांखेरीज कोणी फिरकत नव्हतं. झाडांखाली बर्फ जेमतेम घोट्यापर्यंत होता, आणि जुने दगडी बांध जागच्या जागी. म्हातारी काठी टेकत पुढं, हा धापा टाकत मागं.

"सरकारी पगारानं पोट सुटलंय तुझं."

"कोट जाड आहे, खाला."

"हो ना, कोटच धापा टाकतोय!"

एका उतारावर त्याचा पाय सटकला आणि तो थेट झुडपात जाऊन बसला. उम्म गालिब आधी पोटभर हसली, मग हात दिला.

दुपारी दोघं कचेरीत पोचली. साहेबांनी नौफलला मिठीच मारली. "ते राहू दे," उम्म गालिब म्हणाली, "दातांचा डॉक्टर उघडाय का?" दवाखाना बंद होता. साहेबांनी डॉक्टरला घरून बोलावून घेतलं.

तासाभरात गाडी निघाली. मागं वीजवाले, त्यांच्यामागं पिठाचा टेम्पो. नौफलशेजारी बसून उम्म गालिब भाजलेले हरभरे कुडूमकुडूम चावत होती, आणि गाडी कशी चालवायची ते त्याला वळणावळणाला शिकवत होती. वीजवाल्यांनी तारा कापून खांब बाजूला केले. पुढं पाहतात तर अर्धं गाव फावडी घेऊन समोरून बर्फ उपसत आलेलं, सगळ्यांत पुढं विजदान.

"आलात एकदाचे!" तिनं चहाचा थर्मास वर दिला. पहिला घोट पोटात गेला, तेव्हा नौफलला आठवलं की सकाळपासून आपण काहीच खाल्लेलं नाही.

पुढं कचेरीनं आणखी दोघांना ती गाडी शिकवली. मार्चमध्ये पायवाट नकाशावर उतरवून घ्यायला साहेब स्वतः आले. उम्म गालिबनं त्यांना पुढं घातलं, आणि अर्ध्या वाटेवर दगडावर बसवून पाणी पाजावं लागलं, ते साहेबांना.